बीकॉम, बीबीए, एमबीए आणि त्यातले 120 तास

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बसस्थानकांबाहेर कॉलेजांचे बॅनर झळकतात आणि त्यातल्या बऱ्याच बॅनरवर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असतं. यावल, पारोळा, साक्री, शहाद्याकडून आईवडील पोराला घेऊन येतात, दोन-तीन कॉलेजांची माहितीपत्रकं पिशवीत टाकतात आणि परतीच्या एसटीत एकच विषय असतो: बीकॉमला घालायचं की बीबीएला? मी वाणिज्य शाखेला शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दर जूनमध्ये माझ्यापर्यंत येतोच. मी आधी उलट विचारतो. त्या कॉलेजातून तुमचं लेकरू प्रत्यक्ष कामाला कधी जाणार, कुठे जाणार आणि तिथे त्याला शिकवणार कोण? पदवीच्या नावापेक्षा या उत्तराने जास्त फरक पडतो, हे माझं ठाम मत आहे.

तरी पदव्यांची उकल आधी करू.

बीकॉम म्हणजे हिशेब, कर, कायदा, अर्थशास्त्र. अनुदानित कॉलेजात फी परवडते, प्रवेशपरीक्षा नाही, आणि सीए, सीएस (कंपनी सचिव) किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी सोबत करता येते. बीबीए आणि बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्या. त्यात मार्केटिंग, मनुष्यबळ, वित्त असे विषय असतात, सादरीकरणं आणि प्रकल्प जास्त असतात आणि फीही सहसा जास्त असते. 2024-25 पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी सुरू झाली. खेड्यापाड्यातल्या अनेक घरांत ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही. सीईटीचा अर्ज भरायची मुदत बहुतेक वेळा बारावीच्या निकालाआधीच संपते, आणि जूनमध्ये आलेल्या मुलाच्या हातात मग फार काही उरत नाही. एमबीए ही पदवीनंतरची दोन वर्षं, चार सत्रं. त्यालाही राज्याची सीईटी असते. मुलींसाठी एक महत्त्वाचं: केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातली असली आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलं, तर 2024-25 पासून शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. आपण निवडलेला अभ्यासक्रम त्या यादीत बसतो का, हे कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या आधीच विचारून घ्या.

आपल्या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. हे विद्यापीठ 1990 साली सुरू झालं. त्यातली काही कॉलेजं स्वायत्त आहेत, उदाहरणार्थ जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाची मिळते. त्यामुळे दोन कॉलेजांतल्या दोन बीकॉममध्ये विषयांचा क्रमही वेगळा असू शकतो आणि कामावर पाठवायची पद्धतही.

आता त्या 120 तासांकडे येऊ.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी 120 ते 132 क्रेडिटची आहे. एका वर्षानंतर थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी, आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. या क्रेडिटमधला एक तुकडा वर्गाबाहेर कमवायचा असतो. त्याला ऑन जॉब ट्रेनिंग म्हणतात. कॉलेजच्या कट्ट्यावर पोरं नुसतं ‘ओजेटी’ म्हणतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षी साधारण 4 क्रेडिटची ओजेटी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास काम. चार क्रेडिट म्हणजे 120 तास. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. सकाळी कॉलेज करून दुपारी चार तास दिले तर महिना.

तीन वर्षांत पंधरा दिवस. एवढ्याशा वेळात काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण पुस्तकात वाचलेला आकडा खऱ्या पैशाचा असतो हे बहुतेक मुलांना पहिल्यांदा तिथेच कळतं.

इथे चार गोष्टींची गल्लत होते, ती सोडवू. पहिली, औद्योगिक भेट. कॉलेजच्या बसने जायचं, तासभर कारखाना पाहायचा, गेटसमोर फोटो काढायचा. चांगली सहल असते, पण तिला काम म्हणता येत नाही. दुसरी, ओजेटी किंवा इंटर्नशिप. ही अभ्यासक्रमाचा भाग आहे, तिला गुण आहेत, आणि मानधन मिळालंच पाहिजे असा नियम नाही. एमबीएला हीच गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राच्या मधल्या सुट्टीत सहसा सहा ते आठ आठवड्यांच्या प्रकल्पाच्या रूपात येते. तिसरी, अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी. याला 1961 चा कायदा आहे, लेखी करार आहे आणि मानधन बंधनकारक आहे. आयटीआय आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठीच ती असते असा समज अजून आहे, पण 2014 च्या दुरुस्तीनंतर बीकॉम-बीबीएसारख्या पदव्यांनाही ती खुली झाली. ज्या आस्थापनेत 30 किंवा जास्त माणसं काम करतात तिला त्यांच्या 2.5 ते 15 टक्के एवढे शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांत पदवीधर उमेदवाराला महिन्याला किमान 9,000 रुपये ठरले होते. आता अशा पदव्याही आल्या आहेत ज्यात अप्रेंटिसशिप अभ्यासक्रमातच गुंफलेली असते आणि विद्यार्थी एक किंवा अधिक सत्रं कंपनीतच काढतो. कॉलेजकडे अशी पदवी असली तर जरूर चौकशी करा. चौथी गोष्ट प्लेसमेंट, म्हणजे शिक्षण संपल्यावरची नोकरी. तिच्याकडे शेवटी येतो.

सरकारी योजनांबद्दलही घोळ असतो. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या नियमांनुसार 21 ते 24 वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत बारा महिने, दरमहा 5,000 रुपये. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 ची, तिच्यात पदवीधराला दरमहा 10,000 रुपये ठरले. त्या नियमांनुसार या दोन्ही योजना पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांसाठी नव्हत्या. दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी त्यांचा अर्ज भरत बसतो तेव्हा त्याचा वेळ फुकट जातो.

मुलं ओजेटीला कुठे जातात? पुण्याला जायला मिळालं तर हवंच असतं. मिळालं नाही की मग मामाच्या दुकानाचं लेटरहेड, शिक्का, सही, आणि ‘समाधानकारक काम केले’. काही ठिकाणी तर ऑनलाइन प्रमाणपत्रं चक्क विकत मिळतात. जी कंपनी इंटर्नशिप देण्यासाठी विद्यार्थ्याकडूनच पैसे घेते तिच्यापासून लांब राहा, मग तिची वेबसाइट कितीही चकचकीत असो. मला या खोट्या कागदांचा मनापासून राग येतो, कारण नुकसान त्या पोराचंच होतं. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला तो अडखळतो, आणि शिकायचे ते पंधरा दिवस परत मिळत नाहीत.

आणि लांब जायची खरंच गरज असते का? ज्या विप्रोचं नाव आज जगभर आहे ती कंपनी 1945 साली अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली. खान्देशात व्यापार शिकायला जागेची वाण नाही. जळगावच्या डाळमिल, चटईचे कारखाने, सराफ बाजार, ठिबकचा उद्योग, रावेर-सावद्याची केळी, कापसाच्या जिनिंग, नंदुरबारची मिरची, भुसावळचा मालवाहतुकीचा पसारा. ओजेटी मागायला गेलं की मालक हात झटकतो, ‘आमनाकडे काय शे शिकाना सारखं?’ खरं तर त्याच्या गोदामात अख्खं पाठ्यपुस्तक पडलेलं असतं.

डाळमिलच घ्या. तूर येते, वजनकाट्यावर गाडी चढते, मग माल चाळणीवर साफ होतो. तेल-पाणी लावून वाळवतात, रोलरवर टरफल सुटतं, दाण्याचे दोन दल होतात. एका टोकाने तूर गेली की दुसऱ्या टोकाने डाळ, तुकडा, चुनी आणि टरफल असं सगळं वेगवेगळं बाहेर पडतं. चुनी आणि टरफल ढोरांच्या खाद्याला जातं. शंभर किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ मिळते. यालाच उतारा म्हणायचं. मिल रोज 20 टन तूर भरडत असेल तर उताऱ्यातला एक टक्का म्हणजे 200 किलो डाळ. भाव किलोला 100 रुपये धरला तर दिवसाला 20,000 रुपयांचा माल. तो डाळीऐवजी चुनीच्या भावाने गेला तर त्यातला मोठा हिस्सा बुडाला.

बीकॉमच्या पुस्तकात प्रोसेस कॉस्टिंगचा धडा असतो. नॉर्मल लॉस म्हणजे धरून चाललेली घट, ॲबनॉर्मल लॉस म्हणजे त्याहून जास्तीची घट, बायप्रॉडक्ट म्हणजे मुख्य मालासोबत निघणारा जोडमाल. मुलं त्याची गणितं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आता त्यांच्यातलीच एक मुलगी पंधरा दिवस मिलमध्ये बसली आणि तिने प्रत्येक लॉटची चार वजनं वहीत उतरवली: आत आलेली तूर, बाहेर पडलेली डाळ, तुकडा, चुनी-टरफल. सोबत माल कुठल्या बाजारातून आला आणि ओलावा किती होता हे लिहिलं. कुठल्या लॉटचा उतारा घसरला ते आठवड्याभरात तिला दिसायला लागतं. ओला माल होता, दाणा बारीक होता, की यंत्राची सेटिंग सुटली होती? हा ॲबनॉर्मल लॉस ती जन्मात विसरणार नाही. मालकालाही असा तक्ता हवाच असतो, लिहायला कुणी बसलेलं नसतं, एवढंच.

त्याच मिलमध्ये पॅकिंग विभागात उभं राहिलं तर जीएसटीचा धडा सुरू होतो. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधीच भरलेल्या आणि लेबल लावलेल्या डाळीला 5 टक्के जीएसटी लागला. त्यावरच्या वजनाच्या गोणीला नाही. मग काही व्यापारी 26 किंवा 30 किलोची गोणी का भरतात, हे विद्यार्थ्याला स्वतःच उमगतं.

रावेर, सावद्याकडे केळीचा व्यवहार वेगळा. माल बहुतेक शेतातूनच उचलला जातो, बाजार समितीचा ‘बोर्ड भाव’ जाहीर होतो, आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव कित्येकदा त्याहून कमी असतो. ही तक्रार इथल्या पारावर कुणीही सांगेल. बीबीएच्या विद्यार्थ्याने महिनाभर तीन रकाने भरावेत: त्या दिवसाचा बोर्ड भाव, प्रत्यक्ष ठरलेला भाव, आणि पैसे हातात पडायला लागलेले दिवस. मृगबाग आणि कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची आणि पावसाळ्यानंतरची लागवड, वेगळे ठेवावेत. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन भावात कुठे दिसतं का, हा मार्केटिंगच्या प्रकल्पाचा उत्तम विषय आहे आणि मला तो कुणी मन लावून केलेला वाचायला आवडेल.

नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांवर खेळतं भांडवल डोळ्यांनी दिसतं. ओली लाल मिरची रोख घ्यायची, पसरायची, वाळेपर्यंत वाट पाहायची. तोवर वजन घटत जातं आणि पैसा अडकून पडतो. मध्येच पाऊस आला तर? सावकारी, बँकेचं कॅश क्रेडिट, विमा, सगळं त्या एका प्रश्नात येतं.

आणि ज्यांना हिशेबातच राहायचं आहे त्यांनी करसल्लागाराचं किंवा सीएचं ऑफिस गाठावं. तिथे दर महिन्याच्या 11 तारखेला विक्रीचं आणि 20 तारखेला मुख्य जीएसटी विवरणपत्र जायचं असतं, आणि त्याआधी खरेदीची बिलं पोर्टलवरच्या टूबीशी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवायची असतात. ही जुळवणी करायला बसलेलं पोर महिन्याभरात टॅली शिकतं, आणि कुणाचं बिल का सुटलं हे फोन करून विचारायलाही शिकतं. मात्र सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी सीएच्या हाताखाली करायची उमेदवारी, वेगळी, ती सीए संस्थेच्या नियमाने होते, सध्या दोन वर्षांची. ओजेटीत ती मोजली जाईल असं गृहीत धरू नका.

वेळेचं गणित फार कमी जण करतात. ओजेटी सहाव्या सत्रात ठेवली तर ती जानेवारी ते एप्रिलमध्ये येते. नवी तूर बाजारात आलेली असते, जिनिंग चालू असतात, पाहायला भरपूर असतं. पण मार्चअखेर हिशेबाच्या कुठल्याही ऑफिसात शिकवायला कुणाला फुरसत नसते. म्हणून जागा दिवाळीनंतर लगेच पक्की करा. मालकाला भेटताना कॉलेजचं पत्र न्याच, पण सोबत एका कागदावर एवढं लिहून न्या: मला रोज कोण काम सांगणार, मी कुठलं एक काम पूर्ण करणार, आणि त्यासाठी कुठल्या नोंदी बघायला मिळणार. मालक इथे कचरतो. आपला नफा चार लोकांत जाईल ही त्याची भीती खोटी नाही. त्यावर उपाय सोपा आहे. अहवालात गिऱ्हाइकांची नावं न लिहिता ‘पार्टी अ, पार्टी ब’ लिहा, रुपयांऐवजी टक्के द्या, आणि अहवाल कॉलेजला देण्याआधी त्यांना वाचायला द्या.

रोजची डायरीही घटनांची लिहा. ‘आज स्टॉक रजिस्टरचे काम केले’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘आज गोदामात मोजल्या तर 42 गोण्या निघाल्या, रजिस्टरमध्ये 45 होत्या, तीन परत आलेल्या मालात सापडल्या’ असं लिहिलं की तोंडी परीक्षेत बोलायला विषय मिळतो आणि नोकरीच्या मुलाखतीतही.

मुलींच्या पालकांना दोन गोष्टी माहीत असाव्यात. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कॉलेजने मुलीला पाठवण्याआधी ही माहिती लेखी द्यावी, असा आग्रह धरा. दुसरं, प्रवासखर्च. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तालुक्याहून जळगाव किंवा धुळ्याला पंधरा दिवस येणंजाणं पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. ‘लांब पडतं’ म्हणून मुलीला गल्लीतल्या दुकानाचा शिक्का आणून देऊ नका.

आता बॅनरवरचं ‘पॅकेज’. समजा साडेतीन लाखांचं पॅकेज लिहिलंय. बाराने भागलं की 29,000 च्या वर येतात, आणि घरी तोच आकडा सांगितला जातो. पण त्यात बहुतेक सगळं मोजलेलं असतं. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग 35,000 धरा, कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी 21,600, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 8,400, विमा 5,000. उरले 2,80,000. त्यातून स्वतःच्या वाट्याचे 21,600 आणि व्यवसायकर 2,500 गेले की महिन्याला हातात येतात 21,300 च्या आसपास. हेच पुण्यात, खोलीभाडं आणि मेस भागवून. नोकरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. आकडा समजून हो म्हणावं एवढंच. पगाराची फोड कंपनी लेखी देते, ती मागून घ्यायची.

‘शंभर टक्के’चंही तसंच. शंभर टक्के कुणाच्या? शेवटच्या वर्षात 60 मुलं असतील, त्यातल्या 20 जणांनी प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलं आणि 20 जणांना पत्र मिळालं, तरी बॅनरवर शंभरच छापता येतं. म्हणून सर्वात मोठं पॅकेज विचारू नका, मधलं विचारा. सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा पगार. सोबत विचारा की गेल्या वर्षी किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली, आणि ओजेटी जिथे केली तिथेच किती जणांना नोकरी मिळाली. जी कॉलेजं राष्ट्रीय क्रमवारीसाठी, म्हणजे एनआयआरएफला माहिती देतात, त्यांच्या वेबसाइटवर ही पत्रकं असतात आणि त्यात मधल्या पगाराचा रकानाही असतो. मोबाइलवर उघडतं. प्रवेशाचा अर्ज भरायच्या आदल्या रात्री मुलाला शेजारी बसवून ते पान एकदा वाचा.